काटा तोच, वायर गेली: अंबडच्या गाळ्यातली आमची वाटचाल

नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या आमच्या गाळ्यावर पाटी अजून काटा दुरुस्तीचीच आहे. आप्पा, म्हणजे माझे वडील, वैधमापन खात्याचे परवानाधारक दुरुस्तीदार. निफाड, दिंडोरी, सिन्नर हा सगळा पट्टा त्यांनी स्कूटरवर पिंजून काढला. सोसायटीचे काटे, कांद्याच्या खळ्यावरचे काटे, किराणावाल्यांचे काटे, जे येईल ते. मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून त्यांच्याच हाताखाली आलो. आज मात्र निम्म्याहून जास्त काम वेगळंच आहे: चालू काट्याला ब्लूटूथची डबी जोडायची आणि त्याचं वजन थेट मोबाईलवर किंवा टॅबवर आणून द्यायचं.

सुरुवात कुंभमेळ्याच्या वर्षी, २०१५ ला झाली. दिंडोरी तालुक्यातल्या एका द्राक्ष पॅकहाऊसचे काटे आमच्याकडे दुरुस्तीला असायचे. तिथे क्रेट काट्यावर चढला की एक बाई आकडा ओरडायची, दुसरी वहीत लिहायची आणि संध्याकाळी ऑफिसातला मुलगा वही समोर ठेवून संगणकात भरायचा. निर्यातीच्या द्राक्षाची नोंद अपेडाच्या (शेतमाल निर्यातीचं सरकारी प्राधिकरण) ग्रेपनेट या ऑनलाइन यंत्रणेवर प्लॉटनिहाय जाते, त्यामुळे कुठल्या प्लॉटचा किती माल आत आला याचा ताळा लागावाच लागतो. तो काही लागायचा नाही. पॅकहाऊसचे शेठ आप्पांना म्हणाले, "आप्पा, तुमचा काटा बरोबर आहे हो, पण तो बोलत नाही."

खरं तर तो बोलत होता. बहुतेक इलेक्ट्रॉनिक काट्यांच्या मागे प्रिंटरसाठी नऊ पिनांचं एक पोर्ट असतं, आरएस-२३२ चं. आमच्या भागात त्यात धूळ आणि कांद्याची टरफलं सोडून काही जात नाही. पण पुष्कळ काटे त्या पोर्टवर वजन सतत पाठवत असतात, ९६०० किंवा २४०० च्या बॉड रेटने, म्हणजे डेटा पाठवण्याच्या वेगाने, अगदी साध्या अक्षरांत. काही मॉडेल तर प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला वजन स्थिर आहे की हलतंय तेही सांगतात. ऐकणारं कोणी नव्हतं, एवढंच.

आप्पांची अट एकच होती: काट्याच्या पोटात काही घालायचं नाही. वैधमापन कायद्याप्रमाणे काट्याची पडताळणी होऊन त्यावर शिक्का बसतो, सील लागतं. ते तोडलं की पुन्हा पडताळणी करून घेतल्याशिवाय त्या काट्यावर व्यवहार करता येत नाही. म्हणून आमची डबी आजही बाहेरूनच लागते, त्या पोर्टाला. काटा उघडायचा नाही, सीलला हात लावायचा नाही. बाजारात आतून ब्लूटूथ बसवून देणारे आहेत, त्यांचं त्यांच्यापाशी.

डबीत सुरुवातीला एचसी-०५ मॉड्यूल होतं. हे कमांडवर चालणारं मॉड्यूल. त्याच्या आत रेडिओ, अँटेना आणि ब्लूटूथचं सगळं सॉफ्टवेअर तयार असतं. आपण फक्त सिरियल वायरीवरून त्याला हुकूम सोडायचे. हुकमाची सुरुवात एटी या दोन अक्षरांनी. ही पद्धत १९८१ च्या हेज कंपनीच्या टेलिफोन मोडेमपासून चालत आलेली आहे. माझ्यासारख्या डिप्लोमावाल्याला ब्लूटूथचा स्टॅक, म्हणजे आतलं ते सगळं सॉफ्टवेअर, लिहिणं या जन्मात जमलं नसतं. पण "एटी" टाइप केल्यावर पलीकडून "ओके" येतं, हे पहिल्याच संध्याकाळी जमलं. छोट्या धंद्याला या मॉड्यूलांनी दार उघडून दिलं, हे मी कुणापुढेही म्हणेन.

आमच्या बेंचवर काम कसं चालतं ते सांगतो. मॉड्यूलवरचं बारीक बटण दाबून धरायचं आणि तसंच धरून सप्लाय द्यायचा. एलईडी दोन-दोन सेकंदांनी संथ लुकलुकायला लागला की ते कमांड मोडमध्ये, म्हणजे हुकूम ऐकायच्या तयारीत, गेलं. आता संगणकावरच्या टर्मिनल प्रोग्रामचा वेग ३८४०० ठेवायचा, ओळ संपल्याची दोन्ही चिन्हं (सीआर आणि एलएफ) पाठवायची आणि एकेक हुकूम द्यायचा: नाव, पिन, काट्याला जुळणारा बॉड रेट. सप्लाय काढून पुन्हा दिला की एलईडी भराभर लुकलुकतो, म्हणजे मॉड्यूल जोडीदाराची वाट बघतंय. काट्याच्या पोर्टवर व्होल्टेज उणे-अधिक १२ पर्यंत जाऊ शकतं आणि मॉड्यूलला लागतात ३.३, म्हणून मध्ये व्होल्टेज जुळवून देणारी मॅक्स ३२३२ ही आयसी. एवढाच सगळा माल.

नाव आणि पिन बदलल्याशिवाय डबी गाळ्याबाहेर जात नाही. कारखान्यातून येताना बहुतेक मॉड्यूलांचा पिन १२३४ असतो आणि नावही एकच. एका शेडमध्ये चार काटे ओळीत ठेवा, म्हणजे एका प्लॉटचं वजन दुसऱ्याच्या टॅबवर जाऊन बसेल. आम्ही काट्याच्या पाटीवरचाच अनुक्रमांक डबीला नाव म्हणून देतो. पॅकहाऊसमधल्या ताईंना शिकवायला काही लागत नाही, काट्यावर जे लिहिलंय तेच मोबाईलवर शोधायचं.

खरी परीक्षा फेब्रुवारीत होते. सकाळी शेड रिकामी असते, तेव्हा सगळं झकास चालतं. दुपारी माल आला, क्रेटच्या थप्प्या डोक्याच्या वर गेल्या की वजन अडकत-अडकत यायला लागतं. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाणी शोषून घेतं आणि द्राक्ष म्हणजे बहुतांशी पाणीच. त्यात प्रीकूलिंगच्या, म्हणजे माल थंड करायच्या, खोलीला पफ पॅनेल: मध्ये फोम, दोन्ही बाजूंनी पत्रा. पत्र्यापलीकडे टॅब घेऊन उभं राहिलं तर काय येणार? ज्यादा ताकदीचं मॉड्यूल शोधण्यापेक्षा आम्ही पोर्टापासून साधी केबल ओढली आणि डबी थप्पीच्या वर, खांबावर टांगली. डबीही प्लास्टिकचीच हवी. एका गिऱ्हाईकाला स्टीलची चकचकीत डबी पाहिजे होती. त्याला म्हटलं, देतो, पण मग ब्लूटूथ कशाला घेताय.

कांद्याचं काम वेगळं. लासलगाव, पिंपळगाव भागातल्या व्यापाऱ्यांच्या खळ्यावर गोणी भरताना मापाऱ्याला लांबून दिसेल असा मोठा डिस्प्ले लागतो. तिथे मोबाईलच नाही, दोन मॉड्यूल एकमेकांशी बोलतात. डिस्प्लेतल्या मॉड्यूलला मास्टर (जोडणी सुरू करणारं) करायचं, काट्यावरच्याला स्लेव्ह (वाट बघणारं) ठेवायचं आणि मास्टरला स्लेव्हचा पत्ता कायमचा बांधून द्यायचा. गंमत अशी की पत्ता विचारला की मॉड्यूल तो कोलन घालून सांगतं, आणि बांधताना मात्र स्वल्पविराम मागतं. बेंचवर नवीन पोरगं आलं की बेंचवरच्या आमच्या ताईंचं पहिलं वाक्य ठरलेलं: "कोलन काढ, कॉमा टाक, मग मला हाक मार."

मग आयफोन आला. निर्यातदारांच्या घरात पुढची पिढी हिशेबाला बसली आणि त्यांच्या हातात आयफोन. जुन्या क्लासिक ब्लूटूथची सिरियल पद्धत आयफोनला अ‍ॅपलच्या मंजुरीच्या हार्डवेअरशिवाय चालत नाही. म्हणून ब्लूटूथ लो एनर्जी या कमी वीज खाणाऱ्या प्रकारावर जावं लागलं, एचएम-१० या मॉड्यूलवर. तिथे एका पाकिटात साधारण २० बाइट मावतात, त्यामुळे लांब ओळ दोन तुकड्यांत येते आणि अ‍ॅपने ती जोडून घ्यावी लागते. अँड्रॉइडवाल्यांची वेगळीच तक्रार. अँड्रॉइड ६ पासून आसपासची ब्लूटूथ उपकरणं शोधायला लोकेशनची परवानगी लागायची. शेतकरी विचारायचे, "दादा, वजन करायला माझा पत्ता कशाला?" अँड्रॉइड १२ मध्ये त्यासाठी वेगळी परवानगी आली आणि आमच्याकडे येणारे तक्रारीचे फोन कमी झाले.

याच काळात एका पुरवठादाराने एचएम-१० म्हणून जो माल दिला तो दिसायला तंतोतंत, पण आतलं फर्मवेअर, म्हणजे मॉड्यूलमधलं सॉफ्टवेअर, वेगळं. मूळ मॉड्यूलला हुकमाच्या शेवटी काही लागत नाही. याला ओळ संपल्याची चिन्हं दिल्याशिवाय तोंडच उघडायचं नाही. आमची सेटिंगची स्क्रिप्ट गप्प बसून राहायची. पुरवठादार म्हणाला, चालतंय की! चालतं, पण प्रत्येक लॉटला स्क्रिप्ट बदलायची तर धंदा कधी करायचा? तेव्हापासून महागडं पण एकाच कंपनीचं मॉड्यूल घेतो, मायक्रोचिपचं आरएन४८७१. त्याचे हुकूम एटीने सुरू होत नाहीत. तीन डॉलरची चिन्हं दिली की ते कमांड मोडमध्ये जातं. कागदपत्रं नीट मिळतात, हा दुसरा फायदा. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा आपल्याकडे परवानामुक्त असला तरी रेडिओ असलेल्या वस्तूला दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी या शाखेकडून ईटीए हे मंजुरीपत्र लागतं, आणि मोठी गिऱ्हाइकं ते बघितल्याशिवाय ऑर्डर देत नाहीत.

अंबड-सातपूरमधले मशीनशॉपवालेही येतात. जुन्या सीएनसीला, म्हणजे प्रोग्रामवर चालणाऱ्या मशीनला, आरएस-२३२ आहे, वायर काढून ब्लूटूथ लावा म्हणतात. प्रोग्राम मशीनच्या मेमरीत भरायचा असेल तर करून देतो. ड्रिप फीड, म्हणजे मशीन चालू असताना प्रोग्राम थोडा-थोडा पाठवत राहणं, मागितलं तर नाही म्हणतो: टूल जॉबमध्ये असताना दुवा तुटला तर जॉब गेला, नशीब वाईट असेल तर टूलही. क्रेनचा किंवा होइस्टचा रिमोटही आम्ही करत नाही, कितीही ओळखीचा माणूस आला तरी.

काम द्यायचं असेल तर काटा उचलून गाळ्यावर आणू नका. मागच्या पोर्टाचा आणि मॉडेलच्या पाटीचा फोटो पाठवा, सील दिसेल असा. पोर्ट नसेल तर फोनवरच सांगतो, उगाच फेरी पडायला नको.