दादाचं कोडं आणि राखमानिनोव्हची जुनी सिम्फनी

रविवार, रात्री

दादानं म्युनिकहून नवं कोडं पाठवलंय. पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतातल्या चार रचना आणि खाली एक ओळ: "यांच्यात समान काय ते सांग. शोधाशोध करायची नाही, फक्त ऐकायचं." बर्लिओझची 'सिंफनी फान्तास्तीक' (१८३०), लिस्टचं 'टोटेनटान्झ', सां-साँसचं 'दान्स माकाब्र' (१८७४) आणि रशियन संगीतकार राखमानिनोव्हची, व्हायोलिनवादक पगानिनीच्या धूनवरची रॅप्सडी (१९३४).

आधी तो माहितीची कोडी घालायचा. बाख, हेन्डेल आणि डोमेनिको स्कार्लाती यांचं नातं काय, तर तिघेही १६८५ सालचे. यात संगीत कुठे आलं? एकही सूर न ऐकता उत्तर देता येतं. मी त्याला सरळ म्हटलं होतं, "दादा, कानाला काम दे रे." तेव्हापासून त्याची कोडी बदलली आणि माझ्या रविवारच्या दुपारीही.

नावांवरून पहिला अंदाज मृत्यूचा येतो. टोटेनटान्झ आणि दान्स माकाब्र, दोन्हींचा अर्थ मृत्यूचं नृत्य. बर्लिओझच्या नायकाला अफूच्या धुंदीत स्वतःचाच शिरच्छेद दिसतो, पुढे चेटकिणींचा मेळा. इथपर्यंत जमतं. पण रॅप्सडी? तिच्या नावात ना मरण ना भूत. कोड्याची खरी गाठ तिथेच होती.

म्हणून बर्लिओझपासून सुरुवात केली. पाचव्या, म्हणजे शेवटच्या भागात घंटांचे टोल पडतात आणि त्यांच्यामागून बॅसून आणि ट्यूबा ही फुंकून वाजवायची वाद्यं अगदी खालच्या सुरांत एक संथ धून धरतात. (बर्लिओझनं ट्यूबाच्या जागी त्या काळची वेगळीच वाद्यं लिहिली होती.) मी थांबवलं, पेटी काढली आणि पांढरी दोनचा सा धरला. ग रे ग सा, रे नि सा सा. गंधार आणि निषाद कोमल, नि मंद्रातला. सगळ्या पांढऱ्याच पट्ट्या, एकही काळी लागत नाही. स्वर काफीचे, पण काफीचं लाडिक वळण औषधालाही नाही. प्रत्येक सूर सारख्याच वजनाचा, सारख्याच लांबीचा.

हीच 'दिएस इरे', म्हणजे 'कोपाचा दिवस'. कॅथलिक चर्चमध्ये मृतांसाठीच्या प्रार्थनेत शतकानुशतकं गायली गेलेली मध्ययुगीन धून, कयामतीच्या दिवसाचं वर्णन करणारी. बर्लिओझनं तिला चर्चमधून उचलून चेटकिणींच्या नाचात आणून बसवलं. १८३० सालच्या ५ डिसेंबरला पॅरिसमध्ये ही सिम्फनी पहिल्यांदा वाजली तेव्हा तरुण लिस्ट समोर बसला होता. पुढे त्यानं टोटेनटान्झमध्ये सुरुवातीलाच पियानोच्या घणाघातावर तीच धून उभी केली. ती ओळखायला क्षणही लागला नाही.

सां-साँसनं मात्र दमवलं. त्यात ऐकण्यासारखं इतकं आहे की लक्ष फाटतं: हार्पवर मध्यरात्रीचे बारा ठोके, मुद्दाम अर्ध्या सुरानं उतरवलेली व्हायोलिनची वरची तार, हाडांसारखा खडखडणारा झायलोफोन. धून येते ती मधेच, वॉल्ट्झच्या तीन मात्रांत, आणि कोमल गंधार शुद्ध करून. ग रे ग सा म्हणून बघा शुद्ध गंधारानं. सगळी भीती जाऊन नुसती मजा उरते. पुन्हा मागे नेऊन ऐकलं, खात्री झाली आणि एकटीच टाळी वाजवली.

मग रॅप्सडी. सातव्या व्हेरिएशनमध्ये, म्हणजे पगानिनीच्या धूनच्या सातव्या बदललेल्या रूपात, वेग उतरतो आणि पियानो जड, रुंद सुरावटींनी चालायला लागतो. ग रे ग सा! खाली वाद्यवृंदात पगानिनीची धून चालूच असते. कारणही पटण्यासारखं आहे. पगानिनीनं वाजवण्याच्या कौशल्याच्या बदल्यात सैतानाला आत्मा विकला, अशी आख्यायिका होती. १९३७ साली राखमानिनोव्हनं नृत्यदिग्दर्शक फोकीनला या रॅप्सडीवर बॅले सुचवला, तेव्हा दिएस इरेची व्हेरिएशन्स म्हणजे तो दुष्टात्मा, असं कळवलं होतं.

कोडं सुटलं होतं, पण रॅप्सडी बंद करवेना. अठराव्या व्हेरिएशनपाशी पेटीवर पुन्हा बोटं गेली. ही चाल सगळ्यांच्या ओळखीची, प्रेमगीतासारखी, आणि आधीच्या कशाशीच तिचा संबंध वाटत नाही. पगानिनीच्या धूनचा गाभा घ्या: सा ग रे सा प. गंधार कोमल, शेवटी वर पंचमावर उडी. आता चढ तिथे उतार करा आणि उतार तिथे चढ, अंतरं तीच ठेवून. प ग म प सा. गंधार आपोआप शुद्ध होतो, शेवटची उडी खाली षड्जावर येते, आणि हीच ती प्रेमाची चाल! पाच सूर हातानं वाजवल्याशिवाय हे मला कुणी सांगूनही पटलं नसतं.

संध्याकाळी दादाला फोन करून उत्तर सांगितलं. तो म्हणाला, "शाब्बास. आता राखमानिनोव्हचे 'सिम्फनिक डान्सेस' ऐक. पण अगं, दिएस इरे शेवटच्या नृत्यात आहे, तू पहिल्याचा शेवट नीट ऐक."

पहिलं नृत्य ठोके देत, पावलं आपटत चालतं. शेवटाकडे सगळं निवतं, तारवाद्यं एक रुंद, शांत चाल गातात आणि तिच्यावर पियानो, हार्प आणि धातूच्या पट्ट्यांचं ग्लोकेनश्पील यांची बारीक किणकिण चाललेली असते. मला ती चाल कुठलीच वाटेना. पुन्हा फोन केला, आणि मग त्यानं जे सांगितलं ते ऐकून आज झोप लांबणार हे कळलं.

ती राखमानिनोव्हच्याच पहिल्या सिम्फनीतली चाल आहे. १८९७ साली सेंट पीटर्सबर्गला ग्लाझुनॉव्हच्या संचालनाखाली ती सिम्फनी वाजली आणि साफ पडली. समीक्षक क्यूईनं जाहीर वाभाडे काढले. तेवीस वर्षांचा राखमानिनोव्ह इतका खचला की पुढची तीनेक वर्षं त्यानं जवळपास काही लिहिलंच नाही. ती सिम्फनी त्याच्या हयातीत पुन्हा वाजली नाही. १९१७ मध्ये त्यानं रशिया सोडला तेव्हा हस्तलिखित मागे राहिलं आणि हरवलं. १९४० साली अमेरिकेत त्यानं आपली शेवटची रचना, हे डान्सेस, लिहिली आणि त्या बदनाम सिम्फनीतली कडवट चाल काढून तिला असं शांत, उजळ रूप दिलं. जानेवारी १९४१ मध्ये फिलाडेल्फियात डान्सेस पहिल्यांदा वाजले तेव्हा ती चाल कुठून आली हे श्रोत्यांना कळायला मार्गच नव्हता. १९४३ साली तो गेला. नंतर लेनिनग्राडमध्ये (म्हणजे सेंट पीटर्सबर्गमध्येच, तेव्हाचं नाव) वादकांच्या सुट्या प्रती सापडल्या, त्यांवरून सिम्फनी पुन्हा जुळवली गेली आणि १९४५ साली मॉस्कोत वाजली. तेव्हा कुठे या दोन रचनांचं नातं जगापुढे आलं.

इंग्लिश संगीतकार एल्गार याची 'एनिग्मा व्हेरिएशन्स' मला मनापासून आवडतात, त्यातलं 'निमरॉड' तर फारच. पण १८९९ साली त्यानं स्वतःच जाहीर केलं की या सगळ्यावरून आणखी एक मोठी धून जाते आणि ती वाजत मात्र नाही. लोक आजही ती शोधताहेत. तो कोडं घालून गेला. राखमानिनोव्हनं कोडं घातलंच नव्हतं. त्यानं ती चाल स्वतःसाठी लिहिली, चाळीसेक वर्षांपूर्वीच्या स्वतःसाठी म्हणा हवं तर, आणि मला हे नातं एल्गारच्या गुपितापेक्षा कितीतरी मोठं वाटतं. डान्सेसच्या शेवटच्या नृत्यात दिएस इरेशी त्याच्याच १९१५ च्या 'ऑल-नाइट व्हिजिल' या चर्चच्या समूहगानातलं भजन झुंजतं आणि जिंकतं. तिथे हस्तलिखितात त्यानं 'आलिलुया', म्हणजे देवाची स्तुती असो, असं लिहून ठेवलंय. तेही श्रोत्यांना दिसणार नव्हतंच.

आता पहिली सिम्फनी सबंध ऐकायची आहे. दादा म्हणतो तिच्यातही दिएस इरेची सावली सुरुवातीपासून आहे. तसं असेल तर त्याच्या कोड्यातला धागा पार १८९५ पर्यंत, ती लिहिली त्या वर्षापर्यंत मागे जातो. पेटी बाहेरच ठेवलीय. उद्या सकाळी शेजारी उठायच्या आत आवाज करता येणार नाही, तेव्हा हेडफोन लावून आधी फक्त पहिला भाग.