साठ रुपयांचं सीडीएमए डोंगल : आज डुप्लेक्सर दिसला

बुधवारी पुण्याच्या जुन्या बाजारात एका पथारीवर, चार्जरच्या गुंत्याखाली एक ईव्हीडीओ डोंगल सापडलं, म्हणजे सीडीएमए या जुन्या मोबाइल तंत्रावर इंटरनेट देणारी यूएसबी काडी. साठ रुपये. सीडीएमएची नेटवर्कं आपल्याकडे केव्हाच बंद झाली, त्यामुळे खोलताना हात कचरायचं कारण नव्हतं. प्रोसेसरपेक्षा मला त्यातला रेडिओचा भाग बघायचा होता.

खोलण्याआधी लिनक्सच्या मशीनला लावलं. आधी ते सीडी ड्राइव्ह म्हणूनच उभं राहिलं. ड्रायव्हर आतल्या फ्लॅशमध्येच ठेवलेले असत, त्यासाठीची ही सोय. मोड बदलल्यावर सीरियल पोर्ट उगवले, ‘एटी’ (मॉडेमला ‘आहेस का?’ विचारणारी साधी कमांड) टाइप केलं आणि ‘ओके’ आलं. बोर्ड जिवंत! ही पायरी कुणी गाळू नका. नंतर काही अडलं तर ते आपल्या हातून बिघडलं की आधीच गेलेलं होतं, हे दुसऱ्या कशाने कळणार?

कवचाला स्क्रू नाहीत, नुसते खटके. हेअर ड्रायरने कडा कोमट करून प्लास्टिकची पट्टी फिरवली, दोन मिनिटांत उघडलं. टोकाला प्लास्टिकच्या ठोकळ्यावर चिकटवलेली तांब्याची पट्टी, तीच अँटेना. ८५० मेगाहर्ट्झची तरंगलांबी साधारण ३५ सेंटिमीटर, म्हणजे पाव लांबी ९ सेंटिमीटरच्या आसपास. अख्खं डोंगल ७ सेंटिमीटरचं. म्हणून पट्टी नागमोडी वळवून बसवली आहे. स्प्रिंगचा एक बारीक काटा तिला बोर्डाशी जोडतो.

पत्र्याची झाकणं दोन. पहिलं चिमट्याने सहज निघालं. खाली प्रोसेसर, मेमरी आणि १९.२ मेगाहर्ट्झचा ऑसिलेटर, म्हणजे सगळ्यांना ताल देणारं घड्याळ. दुसरं हटून बसलं होतं, ब्लेड सटकलं आणि खसखशीच्या दाण्याएवढा एक इंडक्टर (वेटोळ्याचं काम करणारा भाग) उडाला. खाली पांढरा कागद अंथरला होता म्हणून भिंगाने सापडला. फ्लक्स लावून, बारीक टोकाच्या सोल्डरिंग आयर्नने परत बसवला. अर्धा तास गेला.

पण त्या झाकणाखाली जे दिसलं त्यासाठीच हा खटाटोप होता. अँटेनाकडून ट्रेसचा, म्हणजे बोर्डावरच्या तांब्याच्या रेघेचा, माग काढत आलो की आधी टेस्टिंगचा गोल कनेक्टर लागतो आणि लगेच चपटा, चौकोनी डुप्लेक्सर, म्हणजे एकाच अँटेनावर पाठवायचा आणि ऐकायचा सिग्नल वेगळा ठेवणारा फिल्टर. टूजीच्या जीएसएम फोनला ही चीज लागत नाही, कारण तो बोलणं आणि ऐकणं पाळीपाळीने करतो. नुसता स्विच पुरतो. सीडीएमएमध्ये दोन्ही एकाच वेळी चालतं. आपल्याकडच्या ८०० बँडमध्ये डोंगल ८२४ ते ८४४ मेगाहर्ट्झवर पाठवायचं आणि ८६९ ते ८८९ वर ऐकायचं, दोन्हींत ४५ मेगाहर्ट्झचं अंतर, आणि अँटेना एकच. पाठवताना २०० मिलिवॅटच्या घरातली शक्ती, आणि टॉवरपासून दूर असताना ऐकू येणारा सिग्नल तिच्या लाख कोटी पटींहूनही दुबळा. कानाशी कर्णा वाजत असताना गल्लीच्या टोकाची कुजबुज टिपायची, तसं. हे सगळं काम करणारा तुकडा माझ्या करंगळीच्या नखाहून लहान आहे. पंधरा मिनिटं मी तो भिंगाखाली नुसता बघत बसलो.

डुप्लेक्सरच्या एका पायाकडे पॉवर ॲम्प्लिफायर आहे, दुसऱ्याकडून रेडिओच्या चिपकडे वाट जाते. ॲम्प्लिफायरशेजारी पिवळसर टँटलम कपॅसिटर दिसतात. पाठवताना करंट एकदम उसळतो, ते झेलायला. इथले फोटो आडव्या उजेडात काढा, नाहीतर चिपवरची अक्षरं उमटत नाहीत.

सगळं उघडंच ठेवून पुन्हा यूएसबीला लावलं. ‘एटी’. ‘ओके’. अर्थात यातून प्रोसेसर ठीक आहे एवढंच कळतं; इंडक्टर नीट बसला का, हे सांगणार नाही. शनिवारी मित्राकडचा नॅनोव्हीएनए (अँटेना कोणत्या फ्रिक्वेन्सीला जुळते ते दाखवणारं छोटं यंत्र) आणतो आणि अँटेना सुटी करून तिचा डिप, म्हणजे आलेखातला खड्डा, ८५० मेगाहर्ट्झच्या आसपास पडतो का ते मोजतो.