पेपर मॅशेचा राजगड

फ्लॅटच्या गॅलरीत मातीचा किल्ला केला की खालच्या मजल्यावर चिखलाचं पाणी ओघळतं. म्हणून यंदा दिवाळीला इन्स्टंट पेपर मॅशे, म्हणजे कागदाच्या लगद्याची तयार भुकटी आणली आणि किल्ला निवडला राजगड. मधोमध बालेकिल्ला, त्याच्या तीन अंगांना पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या माच्या. करायला अवघड, पण माझा सगळ्यात लाडका.

इन्स्टंट प्रकारात कागद भिजत घालणं, कुटणं, खळ शिजवणं सगळं वाचतं. पाकिटात कोरडा बारीक कागद असतो, चिकटपणासाठी लागणारं त्यातच मिसळलेलं. भुकटी फार उडते, त्यामुळे मी ती जाड प्लास्टिकच्या पिशवीत घेतली, कोमट पाणी थोडं थोडं घातलं आणि पिशवी बाहेरूनच मळली. अर्धा तास मुरू दिली. थालीपिठाच्या पिठाइतका घट्ट लगदा झाला की पुरे. मुठीत दाबून पाणी सुटत असेल तर तो उभ्या कड्यावर टिकत नाही. मी थोडा फेव्हिकॉलही घातला. वाळायला वेळ जास्त लागतो, पण पकड छान येते.

सांगाडा थर्माकोल, कागदाचे बोळे आणि मास्किंग टेपचा. खालच्या प्लायवूडला आधी फेव्हिकॉलचा हात दिला, म्हणजे ओल लागून ते वाकत नाही.

खरी मजा कड्यांची! लगदा पाच-सहा मिलिमीटरपेक्षा जाड लावायचा नाही. एक थर पूर्ण वाळला की दुसरा. ओला असतानाच जुन्या टूथब्रशने टोचत गेले आणि सह्याद्रीचा काळा कातळ दिसायला लागला. हा खडबडीतपणा मातीत इतका सहज येत नाही. म्हणून कडे मी अजिबात घासले नाहीत. सुवेळा माचीवरचं नेढं, म्हणजे खडकातलं आरपार भोक, पेन्सिलभोवती लगदा लावून केलं आणि अर्धवट वाळल्यावर पेन्सिल फिरवत काढून घेतली. संजीवनीची दुहेरी, चिलखती तटबंदी मात्र पुठ्ठ्याची. पातळ, सरळ भिंतीला लगदा योग्य नाही, त्याच्या कडा तुटतात.

वाळवण पंख्याखाली, सावलीत. कडक उन्हात वरचा थर आधी आकसतो आणि तडे जातात. तसे बारीक तडे पातळ लगद्याने बुजवले. मग प्रायमर, गडद करडा रंग आणि वर जवळजवळ कोरड्या ब्रशने फिकट करडा.

अळीव या किल्ल्यावर पेरता येत नाहीत, रोजच्या पाण्याने लगदा फुगेल. ते मी भोवती ट्रेमध्ये पेरले आणि मावळे तिथेच उभे केले. किल्ला ठेवून द्यायचा असेल तर वॉर्निश खालच्या बाजूनेही द्या. पावसाळ्यात लगदा दमट हवा ओढून घेतो आणि बुरशी धरतो.