मशीनमधले पाणी बाहेर जात नसेल तर

वॉशिंग मशीनमध्ये पाणी साचून राहिले की घरोघरी ‘पंप गेला’ असे निदान होते. वास्तविक आपल्याकडच्या बऱ्याच टॉप लोड मशीनना पंपच नसतो. टबाखालची ड्रेन मोटर व्हॉल्व्ह ओढून उघडते आणि पाणी केवळ उताराने वाहून जाते. साहजिकच ड्रेन पाइप वाटेत कुठे उंचावला, मुडपला किंवा त्याचे टोक पाण्यात बुडलेले राहिले, की निचरा मंदावतो आणि ठरलेल्या वेळेत टब रिकामा न झाल्यामुळे मशीन एरर दाखवून थांबते.

माझ्या बहिणीकडे नेमके हेच झाले होते. बाथरूमचे नूतनीकरण करताना उंबरठा चांगला चार बोटे वर आला, पाइप त्यावरून कमानीसारखा आत गेला आणि अलीकडच्या खोलगट भागात कपड्यांच्या धाग्यांचा करडा, बुळबुळीत लगदा साठला. पाइप काढून झटकला, मशीन लोखंडी स्टँडवर चढवले, एवढ्यावर काम भागले.

फ्रंट लोडचा न्याय उलटा. तिथे पंप असतो, म्हणून पाइपाचे टोक साधारण 60 ते 100 सेंटीमीटर उंचीवर हवे. ते जमिनीवर सोडले, तर धुणे चालू असतानाच पाणी निघून जाऊ शकते. पाणी तुंबल्यास आधी प्लग काढावा, पाणी गरम असल्यास निवू द्यावे आणि मग खालच्या कोपऱ्यातले झाकण उघडावे. आत बारीक नळी असेल तर तिच्यातून पाणी काढून घ्यावे. नसेल तर परात लावून फिल्टर अगदी थोडा सैल करावा आणि परात भरत आली की पुन्हा आवळावा. घाई केली की पाणी थेट दिवाणखान्यात! फिल्टरबरोबर नाणी, सेफ्टी पिना, केसांचा गुंता असा ऐवज बाहेर येतो. मग बॅटरीच्या उजेडात मागची छोटी पाती बघून ती बोटाने फिरवावी. ती अडखळत, टप्प्याटप्प्याने फिरते; आत चुंबक असल्यामुळे ते स्वाभाविक आहे, त्यावरून पंप खराब ठरवू नये.

फिल्टर घट्ट बसवून फक्त ड्रेन चालवून पाहावे. पंपाची घरघर ऐकू येत असूनही पाणी हलत नसेल, तर पाइप पुढे कुठेतरी तुंबलेला असण्याची किंवा पाती तुटलेली असण्याची शक्यता अधिक. आवाजच येत नसेल, तर पंपाची कॉइल जळाली आहे की त्याच्यापर्यंत वीज पोहोचत नाही, हे मीटर लावून तपासण्याचे काम मेकॅनिकचे.