३६६ चौकटी

२०२४ ची सुरुवात मी जमिनीवर आडवी पडून केली. १ जानेवारी, सोमवार, सकाळचे सव्वाआठ. नवीन कॅलेंडर खिळ्याला अडकवायचं होतं, स्टूल गॅलरीत होतं आणि चाकांची खुर्ची हाताशी होती. पुढचं सांगायला नको. पडताना माणूस आपोआप हात पुढे टाकतो. मी उजवा टाकला आणि मनगटाशी हाड मोडलं. कॅलेंडर मात्र व्यवस्थित लागलं होतं. दवाखान्यात निघताना दारातून वळून पाहिलं, तर जानेवारीचं पान मजेत डुलत होतं.

तेच कॅलेंडर आता खाली उतरवून मांडीवर घेऊन बसलेय. आमच्याकडे डायरी कुणी लिहीत नाही. जे काही असतं ते या चौकटींत: कुणाची परीक्षा, कुणाचा डॉक्टर, कधी पाहुणे, कधी कसलं बिल. दर वर्षी ते सगळं माझ्या अक्षरात असतं, कारण लक्षात ठेवण्याचं खातं घरात माझ्याकडे आहे. यंदा पहिले सहा आठवडे उजवा हात प्लास्टरमध्ये होता, म्हणून पेन दुसऱ्यांच्या हातात गेलं. ते पूर्णपणे परत माझ्याकडे कधी आलंच नाही. त्यामुळे या कॅलेंडरवर पाच जणांची पाच अक्षरं आहेत.

जानेवारी बहुतेक धाकटीचा. ‘आईचे केस बाबा धुनार.’ ‘आईला बटन लावून देने.’ तेव्हा ती पावणेआठ वर्षांची होती आणि ‘ण’ या अक्षराशी तिचं पटत नव्हतं. मध्येच नवऱ्याची नोंद येते: ‘स. ११ – हात रिव्ह्यू.’ माझा हात म्हणजे त्याच्या ऑफिसातलं एखादं रखडलेलं प्रोजेक्ट असावं तसा. केस धुण्याबद्दल एवढंच म्हणेन, की तो मन लावून धुवायचा, पण शाम्पू डोळ्यांत गेला की ‘डोळे मीट ना’ असं माझ्यावरच खेकसायचा. स्वयंपाकघरात त्याने सगळे डबे नव्या क्रमाने लावून टाकले. तो क्रम अजून मला सापडलेला नाही.

मोडलेला हात काय काय अडवतो हे आधी सांगितलं असतं तर मी हसले असते. किल्ली फिरवणं, टूथपेस्टचं टोपण, पिशवीची गाठ. डाव्या हाताने केलेली सही बँकेने परत पाठवली. १२ फेब्रुवारीला प्लास्टर कापलं, तेव्हा आतून निघालेला हात माझा वाटेना. बारीक, कोरडा, आणि मनगट वळेचना. मला वाटलं होतं प्लास्टर निघालं की काम संपलं. खरं काम तिथून सुरू झालं: मऊ चेंडू दाबा, तळवा टेबलावर पालथा-उताणा करा, दिवसातून तीनदा. धाकटी समोर बसून मोजायची आणि मुद्दाम चुकवायची. ‘सात, आठ, सहा, सात...’

फेब्रुवारीच्या पानावर सगळ्यात मोठी खूण २९ तारखेला आहे. लाल स्केचपेनने चौकटीभोवती इतक्या वेळा गोल फिरवलेत की कागद फाटायला आलाय. धाकटीचा जन्म २९ फेब्रुवारी २०१६ चा. म्हणजे २०२४ मध्ये ती आठ वर्षांची झाली, पण खऱ्या तारखेला आलेला हा तिचा दुसराच वाढदिवस. पहिला २०२० मधला, तो तिला आठवतही नाही. ‘मी दोन वर्षांची आहे, म्हणून दोनच मैत्रिणी बोलवणार,’ असं तिने जाहीर केलं. (दोघींपैकी एक येताना भावाला घेऊन आली, त्यावरून थोडी रडारड झाली.)

त्या दिवशी थोरल्याने तिला लीप वर्ष समजावलं, आणि मी दाराआडून ऐकलं. एरवी तो तिच्याशी एका अक्षरापेक्षा जास्त बोलत नाही. पृथ्वीला सूर्याभोवती फिरायला ३६५ दिवस आणि वर पावणेसहा तासांहून थोडं जास्त लागतं, ते चार वर्षांचे साठवले की एक दिवस होतो. पण पूर्ण सहा तास धरून आपण दर वर्षी अकराएक मिनिटं जास्तीची मोजतो, म्हणून शंभरांची वर्षं लीप धरत नाहीत. फक्त ४०० ने भाग जाणारी धरतात. २००० होतं, २१०० नसणार. धाकटीने लगेच हिशोब केला. २०९६ मध्ये ती ऐंशी वर्षांची, विसावा वाढदिवस. पुढचा थेट २१०४ मध्ये. ‘म्हणजे मला मध्ये आठ वर्षं थांबायला लागणार?’ तिचा चेहरा पाहण्यासारखा होता. दादाला म्हणाली, ‘मग तू काहीतरी कर ना.’

मार्च ते मेचे आमच्याकडे फोटो नाहीत. नवऱ्याचा फोन शर्टाच्या खिशातून बादलीत पडला आणि पुन्हा जागा झाला नाही. ‘जागा भरली आहे’ अशी सूचना फोन कित्येक आठवडे देत होता, आणि आम्ही सगळे ती बोटाने बाजूला सारत होतो. त्या तीन महिन्यांचं जे काही उरलंय ते याच चौकटींत आहे. गंमत अशी की बाकीच्या महिन्यांच्या फोटोंत आम्ही सतत हसतोय. प्लास्टरचा एकच फोटो आहे, तोही धाकटीने त्यावर काढलेल्या कासवाचा.

१६ एप्रिलला सासूबाईंच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, ११ जूनला डाव्या. दोन वर्षं त्या टाळत होत्या. ‘आता मला काय बघायचंय,’ हे त्यांचं पालुपद. ऑपरेशन विसेक मिनिटांचं. थेंबांचं वेळापत्रक मात्र महिनाभराचं. दिवसातून चारदा, मग तीनदा, मग दोनदा, मग एकदा, आणि दोन वेगळे थेंब असतील तर मध्ये पाच मिनिटं थांबायचं. एप्रिल आणि जूनची पानं म्हणूनच आकड्यांच्या उतरंडीसारखी दिसतात: ४ ४ ४ ४, मग ३ ३ ३. हे थोरल्याचं अक्षर, मुंग्यांची रांग असावी तसं.

पट्टी काढल्यावर आई गप्प बसून राहिल्या. मी घाबरले. मग म्हणाल्या, ‘हा पडदा निळा आहे?’ तो पडदा सहा वर्षं तिथेच आहे आणि पहिल्या दिवसापासून निळा आहे. डॉक्टरांनी सांगितलं की डोळ्यातलं जुनं भिंग नुसतं धूसर नसतं, पिवळटही झालेलं असतं, त्यामुळे निळा रंग मळकट दिसतो. नवं भिंग बसलं की तो एकदम उघडतो. पुढचे दोन आठवडे घरात निळ्याची मोहीम चालली. बादली, धाकटीचं दप्तर, शाईचे डाग. मोहिमेचा दुसरा भाग माझ्यासाठी कमी सुखाचा होता. ‘अगं, पंख्यावर किती धूळ!’ आणि त्याच सुरात, ‘तुझे केस कधी पिकले एवढे?’

दुसऱ्या डोळ्याचे थेंब संपले त्या दिवसाच्या चौकटीत एक ओळ आहे, जरा थरथरती, जुन्या वळणाची. ‘मला स्वच्छ दिसते.’ आईंनी गेल्या तीन वर्षांत काही लिहिलेलं मी पाहिलं नव्हतं.

जुलैत नणंदेला मुलगी झाली, आणि बाळाला बघायला आम्ही पाचही जण विमानाने निघालो. तारीख नेमकी १९ जुलै, शुक्रवार. सुरक्षेच्या एका सॉफ्टवेअरचं सदोष अपडेट जगभर गेलं आणि लाखो कॉम्प्युटर बंद पडले, तोच दिवस. विमानतळावर पडद्यांमागून पडदे निळे. लोक वैतागलेले, मुलं रडतायत, रांगेचं टोक कुठे आहे ते कुणालाच माहीत नाही. आणि आई त्या पडद्यांकडे बघत मला म्हणाल्या, ‘काय सुरेख निळा आहे गं.’ मागच्या माणसाने आमच्याकडे अशी नजर टाकली की मी दुसरीकडे बघायला लागले.

बोर्डिंग पास हाताने लिहून मिळाले. काउंटरवरच्या मुलीने पाच पास लिहिले, पाचव्याला तिचा हात दुखायला लागलेला दिसत होता. मला तिची दया आली, मनगटाचं दुखणं मला कळतं. माझं आडनाव तिने चुकवलं, तरी कुणी अडवलं नाही. सात तास उशिरा पोहोचलो. बाळ झोपलेलं होतं आणि आई त्याच्या उशाशी कितीतरी वेळ नुसत्या बघत बसल्या. तो पास मी कॅलेंडरच्या जुलैच्या पानाला टाचून ठेवलाय.

ऑगस्टमध्ये वॉशिंग मशीनमध्ये एक लाल मोजा गेला. पुरे.

सप्टेंबरबद्दल लिहावं की नाही, यावर आमच्यात बोलणं झालं. ‘लिही, पण मला बिचारा करू नकोस,’ असं नवऱ्याने सांगितलंय. १२ तारखेच्या संध्याकाळी मी कसलीशी तारीख बघत होते, तेव्हा दिसलं की २ तारखेपासून चौकटींच्या कोपऱ्यात पेन्सिलीचे बारीक ठिपके आहेत. शनिवार-रविवार सोडून, नऊ. मी सहज विचारलं, ‘हे ठिपके कुणी काढलेत?’ तो बूट काढत होता. एक बूट हातात धरून तसाच बसला आणि म्हणाला, ‘मी.’

त्याचा सगळा विभागच बंद झाला होता. ३० ऑगस्ट हा शेवटचा दिवस. त्यानंतर नऊ दिवस तो रोज सकाळी डबा आणि बॅग घेऊन वेळेवर निघत होता, सार्वजनिक वाचनालयात बसत होता, आणि वेळेवर परत येत होता. दिवसाला एक अर्ज, एक ठिपका. मला नोकरी गेल्याचा राग आला नाही. राग आला तो डब्याचा. रोज सकाळी मी तो भरत होते, घाईत, कधी कधी ‘तुझ्यामुळे मला उशीर होतो’ म्हणत. आम्ही त्या रात्री भांडलो, हळू आवाजात, मुलं झोपली आहेत असं समजून. झोपली नव्हती. दुसऱ्या दिवशी चौकटीत ठिपका पेन्सिलीचा नव्हता, लाल स्केचपेनचा होता. धाकटीने काढलेला, वाटाण्याएवढा.

त्यानंतर ठिपके उघड झाले. अर्ज गेला की ज्याच्या हाताला जे पेन लागेल त्याने काढायचा. आईंचे ठिपके गोल नसून तिरके आहेत. मुलाखत झाली की गोल, नकार आला की फुली. फुल्या पुष्कळ आहेत. तो घरी असल्यामुळे थोरल्याला गणितात मिळालेले ३१ गुण लपवता आले नाहीत, हा एक तोटा. आणि रोज रात्री बापलेक गणित घेऊन बसायला लागले, हे ओघाने आलं. पुढच्या चाचणीत ५४. थोरल्याच्या मते हे बाबांमुळे नाही, पेपर सोपा होता.

६ ऑक्टोबर, रविवार. थोरल्याचं अक्षर: ‘आईपेक्षा उंच.’ दाराच्या चौकटीवर आम्ही पेन्सिलीने रेघा मारतो. वर्षभरात त्याची रेघ ९ सेंटीमीटर वर सरकली आणि माझ्या रेघेला ओलांडून गेली. आवाजही त्याच सुमाराला फुटला. फोनवर आता लोक त्याला बाबा समजून बोलायला लागतात, आणि तो दुरुस्त करत नाही.

नवऱ्याला ९ डिसेंबरपासून नवी नोकरी लागली. पगार आधीपेक्षा कमी आहे, ऑफिस आधीपेक्षा जवळ. मी शेवटी ठिपके मोजले: ४१. त्याने मोजू नको म्हटलं होतं.

माझं अक्षर या कॅलेंडरवर मार्चपासून आहे, पण विरळ. मनगट अजून गार हवेत ठणकतं आणि ‘श’ काढताना अडखळतं. आणखी एक सांगायचं राहिलं. एकदा पेन सुटल्यावर मी बऱ्याच गोष्टी लक्षात ठेवणं सोडूनच दिलं, आणि वीजबिल एकदा चुकलं एवढंच. बाकी सगळं कुणीतरी लिहून ठेवलेलं होतं.

२०२५ चं कॅलेंडर परवा लागलं. थोरल्याने नुसते टाचा उचलून हात वर केला आणि अडकवलं. स्टूल आणायला गेलेली मी गॅलरीच्या दारात तशीच उभी. ‘डावीकडे कललंय,’ आईंनी आतल्या खोलीतून सांगितलं. खरंच कललं होतं.

धाकटीने आधी फेब्रुवारी उघडला. यंदाचा फेब्रुवारी शुक्रवारी, २८ ला संपतो, आणि त्यानंतरची शनिवारची चौकट रिकामी आहे. तिने तिथे लाल स्केचपेनने २९ लिहून टाकलंय.