आमची वाटचाल: गणपतीच्या कारखान्यात घडणारी चिलखतं

आजोबांच्या काळापासून लालबागमध्ये आमचा गणपतीचा कारखाना आहे. विसर्जन झालं की कारागिरांच्या हाताला काम नसायचं, म्हणून बाबांनी सिनेमाची कामं घ्यायला सुरुवात केली. थर्माकोलचे खांब, फायबरचे पुतळे असं काहीबाही. मी जे.जे.मधून शिल्पकला शिकून आलो आणि एका विज्ञानपटासाठी यंत्रमानवाचं चिलखत करण्याची विचारणा आली. तिथून कारखान्याची दिशाच बदलली.

पडद्यावर लोकांना रंग आणि दिवे दिसतात. पात्राचा स्वभाव मात्र मातीतच ठरतो. 1976 मध्ये इंग्लंडच्या एल्स्ट्री स्टुडिओत ब्रायन म्युअर या शिल्पकाराने ‘स्टार वॉर्स’च्या पहिल्या चित्रपटातल्या डार्थ व्हेडर या खलनायकाचा मुखवटा घडवला. मूळ चित्र राल्फ मॅक्वॉरी यांचं, वेशभूषा जॉन मोलो यांची. पण त्या चेहऱ्याला गालाची धार आणि डोळ्यांची खोली दिली ती म्युअर यांच्या हातांनी. हातचं काम असल्यामुळे त्या मुखवट्याच्या दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या नाहीत. हल्ली आमच्याकडे संगणकावरून अगदी काटेकोर समान बाजूंची डिझाइनं येतात. मी माती लावताना एक भुवई किंचित उचलून ठेवतो. त्याशिवाय मुखवटा जिवंत वाटतच नाही, आणि यावर मी दिग्दर्शकाशीही वाद घालतो.

काम नटाच्या अंगापासून सुरू होतं. छातीवर अल्जिनेट, म्हणजे अंगाचा ठसा घ्यायची पाण्यात कालवलेली पावडर, लावायचं, वरून प्लास्टरच्या पट्ट्या. अल्जिनेट काही मिनिटांतच धरतं, पण सुकायला लागलं की आकसतं, म्हणून लगेच प्लास्टर ओतून धड काढून घ्यायचं. त्या धडावर तेलाची माती चढते. इथे शाडू चालत नाही, वाळून तडे जातात. खांदा आणि काख यांच्यामध्ये मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो, कारण हात वर करता आला नाही तर बाकीचं चिलखत कितीही देखणं असो, फुकट. मग सिलिकॉनचा साचा आणि त्यातून फायबर. पावसाळ्यात फायबरला कडक करणारं रेझिन चिकट राहतं, म्हणून त्या खोलीत हीटर लावतो. मारामारीसाठी लागणाऱ्या हलक्या प्रती फोमच्या. तो फोम ठक्करबाप्पा कॉलनीत मिळतो, चपलांच्या तळव्यांना वापरतात तोच.

म्युअर यांचं नाव त्या पहिल्या चित्रपटाच्या श्रेयनामावलीत नव्हतं. आमच्याकडेही कपडेपटाच्या नावाखाली मातीकाम करणारे हात झाकले जायचे. आता मी करारात माझ्या कारागिरांच्या नावांचं कलम घालतो. काही निर्माते कुरकुरतात, काहींनी आनंदाने मान्य केलं. ज्यांना ते मान्य नाही त्यांचं काम आम्ही घेत नाही.

गणपतीच्या मोसमात मात्र चिलखतांची नवी ऑर्डर घेणं बंद असतं. मे महिन्यानंतर कारखान्यात पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा शूटिंग दिवाळीनंतरचं असलं तरी अंगाचं माप एप्रिलअखेरपर्यंत देऊन ठेवावं.