मोरपंखी पुनर्विकास

डोंबिवली पूर्वेतली आमची इमारत २०२३ची दिवाळी तोंडावर असताना पाडली. त्याच दिवसांत इकडे कॅलिफोर्नियात आमच्या आइस हॉकी संघाने, सॅन होजे शार्क्सनी, हंगामाचे पहिले अकरा सामने ओळीने हरून दाखवले. आईने फोनवर इमारतीचं सगळं रडून झाल्यावर विचारलं, "आणि तुझं काय गं? आवाज का उतरलाय?" मी म्हटलं, "आमच्याकडे संघ पाडलाय."

ह्याला इकडे ‘रिबिल्ड’ म्हणतात. बाबांना तो शब्द समजावून सांगायला मिनिटही लागलं नाही. "म्हणजे पुनर्विकास," ते म्हणाले. "जुने काढायचे, जागा मोकळी करायची, नवं बांधायचं. बरं, मग तोवर भाडं कोण देतं?"

तेव्हा मी हसले होते. पुढे दोन वर्षं तो प्रश्न माझ्या मागे लागला.

बाबांची हॉकी म्हणजे धनराज पिल्ले. खडकीचा पोरगा, मानेवर केस उडवत सुटणारा. मी त्यांना बर्फावरच्या हॉकीची क्लिप पाठवली, तर म्हणाले, चेंडू दिसत नाही आणि माणसं एकमेकांना भिंतीवर चेपतायत, हा खेळ आहे की आठ बारची लोकल? चेंडू नसतोच, रबराची काळी चकती असते, त्या चकतीला पक म्हणतात, वगैरे मी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि संघाचं नाव ‘तुमचे मासे’ असं ठेवून दिलं. आईला ह्या सगळ्यात एकच गोष्ट आवडली, ती म्हणजे जर्सीचा रंग. इकडे त्याला टील म्हणतात. आई म्हणाली, टील कसला, मोरपंखी आहे, माझ्या लग्नातल्या शालूचा.

मी ह्या नादाला लागले ती निव्वळ उकाड्यामुळे. ऑफिसातल्या कुणाचं तरी तिकीट उरलं होतं. सनीवेलहून कॅलट्रेनने डिरिडॉन स्टेशन, रस्ता ओलांडला की समोर स्टेडियम. बाहेर बिनबाह्यांचे शर्ट घालून फिरणारी माणसं आणि आत असा गारठा, की दुसऱ्या खेपेला मी चक्क शाल घेऊन गेले. सामना सुरू होताना दिवे मालवतात, वरून एक भलामोठा शार्कचा जबडा खाली येतो आणि त्यातून धुराच्या लोटात एकेक खेळाडू बर्फावर उतरतो. लहानपणी मंडळाच्या देखाव्यात गुहेचं दार उघडून राक्षस बाहेर यायचा, अगदी तसं. मी तिथेच फितले.

आणि मग एप्रिल २०१९. वेगासविरुद्धच्या मालिकेतला सातवा, निर्णायक सामना मी घरी बघत होते. शेवटचा पिरियड, शून्य-तीन मागे. आता काय बघायचं म्हणून खिचडीचा कुकर लावायला उठले. वेगासच्या एका खेळाडूला पाच मिनिटांची मोठी शिक्षा झाली आणि कुकरच्या शिट्ट्या मोजेपर्यंत शार्क्सनी चार गोल केले होते. वेगासने शेवटच्या मिनिटात बरोबरी साधली, ओव्हरटाइममध्ये आपण जिंकलो. खिचडी खाली लागली. त्या रात्रीपासून मी ‘ते’ म्हणायची सोडून ‘आपण’ म्हणायला लागले, आणि त्या हंगामानंतर २०२४-२५ संपेपर्यंत आपण एकदाही प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेरीत, पोचलो नाही. माझा पायगुण, दुसरं काय.

इमारत एका दिवसात मोडकळीला येत नाही. आधी गच्ची गळते, मग प्लास्टर सुटतं, मग खांबांना तडे जातात आणि कमिटी म्हणते, एवढ्यात डागडुजी करून निभावू. तिशी ओलांडलेले मोठमोठे खेळाडू, त्यांचे लांबलचक करार, दरवर्षी ‘यंदा होईल’. जुलै २०२२ मध्ये माइक ग्रीअर जनरल मॅनेजर झाले आणि डागडुजीची भाषा बंद झाली. दाढीवाला ब्रेंट बर्न्स कॅरोलायनाला. टिमो मायर न्यू जर्सीला. एरिक कार्लसनने २०२२-२३ मध्ये बचावपटू असून १०१ गुण (गोल आणि गोलला केलेली मदत मिळून) काढले, आणि त्याच उन्हाळ्यात तो पिट्सबर्गला. एकेका घराचं सामान टेम्पोत चढताना आपण खाली उभं राहून बघावं, तसं आम्ही बघत होतो.

नोव्हेंबर २०२३ मध्ये घरच्या बर्फावर एकदा १-१० आणि लगेच पुढचा सामना २-१०. दुसऱ्या वेळी समोर पिट्सबर्ग, म्हणजे कार्लसन पाहुणा होऊन आलेला. माहेरी यावं आणि घर पाडलेलं दिसावं, असा तो.

टोमास हर्टलचं मात्र मला लागलं. एकोणिसाव्या वर्षी आलेला चेक पोरगा, कायम दात दाखवत हसणारा. मार्च २०२४ मध्ये ट्रेड डेडलाइनच्या, म्हणजे खेळाडूंच्या अदलाबदलीच्या शेवटच्या दिवशी तोही गेला, आणि कुठे, तर वेगासला! कुकरवाल्या वेगासला. मी मीटिंगमध्ये होते. कॅमेरा बंद केला.

आमच्या स्टेडियमचं लाडकं नाव ‘द टँक’. शार्क टँक, म्हणून. आणि वरचा नवा खेळाडू मिळावा म्हणून तळाला जाऊन बसण्याला लीगमध्ये म्हणतात ‘टँकिंग’. टँकमध्ये तिकीट काढून टँकिंग बघायचं. आपल्याकडे टँकर दिसला की समजायचं दुष्काळ आहे, इथेही तेच.

वरचा खेळाडू असा सरळ मिळत नाही, हीच मेख आहे. ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या पोरांच्या वाटपात, पहिली निवड कुणाची, हे सोडतीने ठरतं. आकडे घातलेले चौदा चेंडू यंत्रात फिरतात, चार बाहेर पडतात. तळाच्या संघाला पहिल्या क्रमांकाची संधी २५.५ टक्के, म्हणजे वर्षभर मार खाऊन हाती चाराण्याचा भरवसा. बाबांना मी म्हटलं, म्हाडाची सोडत समजा, फक्त अर्ज भरण्याऐवजी पन्नास सामने हरायचे. २०२४ मध्ये आपण तळाला होतो आणि सोडत लागली: मॅकलिन सेलेब्रिनी. २०२५ मध्ये पुन्हा तळाला, २० विजय, ५२ गुण. सोडत न्यूयॉर्क आयलंडर्सना लागली, ज्यांची संधी होती साडेतीन टक्के. दुसऱ्या क्रमांकावर आपण मायकल मिसाला घेतलं. पोरगा गुणी आहे. पण साडेतीन टक्के! मी दोन दिवस कुणाशी नीट बोलले नाही.

ह्या काळात चाहता होणं म्हणजे काय, हे शेवटच्या महिन्यात कळतं. मार्चमध्ये मी पैसे देऊन आत जायचे आणि मनात म्हणायचे, हरा रे. मग आपल्या कुणीतरी गोल केला की ताडकन उभी. शाल खाली, हात वर. डोकं हरायला येऊन बसलेलं असतं, हातांना कुणी सांगितलेलंच नसतं. बफेलोच्या लोकांनी हातांनाही शिकवलं होतं म्हणतात. मार्च २०१५ मध्ये त्या वर्षीच्या ड्राफ्टमधला सगळ्यात मोठा मोहरा कॉनर मॅकडेव्हिड मिळावा म्हणून त्यांच्या घरच्या स्टेडियमात पाहुण्या ॲरिझोनाने ओव्हरटाइममध्ये गोल केल्यावर बफेलोचेच प्रेक्षक ओरडून उठले. सोडत एडमंटनला लागली. बफेलोला जॅक आयकल मिळाला, तो पुढे वेगासला गेला आणि २०२३ मध्ये तिथे लीगचा विजेतेपदाचा स्टॅनली कप उचलला. बफेलो? २०२४-२५ धरून सलग चौदा हंगाम प्लेऑफविना. डोंबिवलीत स्टेशनकडून येताना अशी एक इमारत लागते. तीन मजले, वर गंजलेल्या सळया, आणि दर्शनी बाजूला ‘लवकरच ताबा’ असा फलक. त्यावरचं जोडपंसुद्धा आता उन्हाने पांढरं पडलंय.

म्हणून मग मतं. आमच्या रांगेत तीन मतं कायमची बसतात. एक तरुण पोरगा, फोनवर तक्ता उघडलेला: कोणाचा करार कधी संपतो, कोणता प्रॉस्पेक्ट, म्हणजे होतकरू पोरगा, कुठल्या कॉलेजात आहे. त्याच्या मते ग्रीअर जे करतात ते सगळं आधीच ठरलेलं आहे. दुसऱ्या एक बाई, दर पराभवानंतर म्हणणार, हरण्याची सवय लागते, पोरं बिघडतील. तिसरे एक निवृत्त आजोबा, अंगात संघाचा जुना कर्णधार जो थॉर्नटन ह्याची १९ नंबरची जर्सी, धुऊन धुऊन मोरपंखीचा पिस्ता झालेली. त्यांनी संघाचं पहिलं घर पाहिलंय, डेली सिटीतलं काउ पॅलेस, जी जागा मुळात गुराढोरांच्या प्रदर्शनासाठी बांधलेली. १९९२-९३ मध्ये संघ ७१ सामने हरला तेव्हाही ते होते. १-१०च्या रात्री ते शांतपणे नाचोज खात होते.

आमच्या सोसायटीच्या सभेत ह्याच तीन व्यक्ती होत्या. ब्रोशर पाठ असलेला तळमजल्यावरचा मुलगा, ‘सगळे मिळून फसवतायत’ म्हणणाऱ्या काकू, आणि १९७८ पासूनचे सभासद असलेले, काहीही न बोलणारे आजोबा. बिल्डर भाड्याचा चेक दोन-दोन महिने लांबवायचा. मग बाबा संध्याकाळी कट्ट्यावर जाऊन बिल्डरबद्दल, नकाशाबद्दल, लिफ्टच्या जागेबद्दल तासभर भांडून यायचे आणि जेवायला बसताना एकदम प्रसन्न असायचे. ते बघून मला त्यांच्या जुन्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. बाबा, आम्हाला भाडं मतांत मिळतं. तेही कुणी देत नाही, आपलं आपणच काढायचं.

२०२५च्या उन्हाळ्यात तर लीगनेच भरपूर खाद्य पुरवलं. संघाने पगारावर किती खर्च करायचा ह्याची कमाल मर्यादा ८८ दशलक्ष डॉलरवरून ९५.५ झाली, २०२६-२७ला १०४, २०२७-२८ला ११३.५ असं ठरलं. म्हणजे एफएसआय वाढला. आणि एफएसआय वाढल्यावर सोसायटीत जे होतं तेच इथे झालं: प्रत्येकाला वाटायला लागलं की आपल्या वाट्याला वाढीव खोली येणार. सेलेब्रिनीचा पहिला करार २०२६-२७ला संपतो. पुढचा केवढ्याचा, ह्यावर तक्तेवाल्या पोराने आत्ताच तीन तक्ते केलेत. २०२६-२७ पासून हंगाम ८२ऐवजी ८४ सामन्यांचा. आजोबा म्हणाले, हरायला अजून दोन.

मला सगळ्यात आवडलेली बातमी केरी प्राइसची. एके काळचा मॉन्ट्रियलचा महान गोलरक्षक, एप्रिल २०२२ नंतर गुडघ्यामुळे एकही सामना न खेळलेला. सप्टेंबरमध्ये आपण त्याचा करार घेतला. तो येणार नाही, खेळणार नाही. पण मॉन्ट्रियलला पगाराच्या यादीत जागा हवी होती, आपल्याकडे ती पडून होती, आणि त्या उपकाराबद्दल पाचव्या फेरीची एक निवड मिळाली. बाबांना हे लगेच कळलं. "आपल्याकडे पण एक आहेत की," ते म्हणाले. "दुबईला असतात. फक्त शेअर सर्टिफिकेटवर."

पोराबद्दल लिहायचं टाळत होते, कारण दृष्ट लागते. सेलेब्रिनी पहिल्या सामन्यात अठरा वर्षांचा होता. पहिल्याच पिरियडमध्ये गोल. (संघ ४-१ पुढे असताना ४-५ हरला; बांधकाम चालू असताना असं व्हायचंच.) मग कंबरेच्या दुखापतीने बारा सामने बाहेर, तरी सत्तर सामन्यांत ६३ गुण. वडील शेजारच्या वॉरियर्स ह्या बास्केटबॉल संघात खेळाडूंची तब्येत सांभाळतात, त्यामुळे तो लहानपणी इथल्याच ज्युनियर शार्क्सकडून खेळून गेला होता. पहिलं वर्षभर तो राहिला कुठे, तर थॉर्नटनच्या घरी. शिकायला पुण्याला आलेला पोरगा मावशीकडे उतरतो तसा. हे ऐकल्यावर आईने त्याला आमच्या घरातला करून टाकला. आता फोनवर विचारते, "त्याला नीट जेवायला घालतात ना?"

एक गोष्ट मी रांगेत कुणाला बोलले नाही. गेली दोन वर्षं तिकीट स्वस्त होतं. मंगळवारी संध्याकाळी मनात आलं की गाडी पकडायची आणि बर्फाच्या अगदी जवळ जाऊन बसायचं. संघ जिंकायला लागला की ती खुर्ची माझी राहणार नाही. बाबांनाही हेच खातंय. नव्या इमारतीत दोन लिफ्ट, पोडियम, व्यायामशाळा. मेंटेनन्स किती येणार, हे कोणी सांगत नाही. तीन मजल्यांच्या इमारतीत ते पाण्याचं बिल वाटून घ्यायचे.

सप्टेंबरच्या अखेरीस एका सकाळी मी सरावाच्या जागी गेले. तिथे आत जायला पैसे पडत नाहीत. काचेला नाक लावून उभं राहायचं आणि बघायचं. आजोबा आधीच आलेले. पोरं गोल गोल फिरत होती, सेलेब्रिनी एका कोपऱ्यात तोच एक फटका पुन्हा पुन्हा मारत होता. चकती काचेवर आपटली की आम्ही दोघं एकदमच मागे सरायचो आणि एकमेकांकडे बघून हसायचो.

तेवढ्यात बाबांचा फोन. तिकडे रात्रीचे अकरा वाजून गेलेले.

"अगं, चौथा स्लॅब पडला!"

माझ्या पोटात गोळा. "कुणाला लागलं का?"

"लागलं काय? पडला म्हणजे भरला. आज दुपारी. मी पत्र्याच्या फटीतून बघत होतो, तीन तास."

"तीन तास उभे?"

"वॉचमनने खुर्ची दिली," बाबा म्हणाले. "तू कुठे आहेस? एवढा कसला ठकठक आवाज येतोय?"